बिघडलेला भोवरा काय सांगतो?



भोवऱ्याला जाळी गुंडाळताना कधी तुमच्या मनात आलंय का, की हा इतका गोल गरगरीत होतो तरी कसा? नुसत्या हाताने तासून असा आकार येणे कठीण. भोवरा कातावा लागतो. लाकडाचा ठोकळा लेथवर घट्ट पकडतात. ठोकळा गरगर फिरू लागला की कारागीर धारदार पटाशी एका आडव्या टेकूवर ठेवून हळूच त्याला लावतो. लाकडाची सालं भराभर उडतात आणि आकार दिसू लागतो. या कामाला कातकाम म्हणतात आणि ते करणाऱ्याला कातारी. घरातले लाटणे, पाळण्याचे नक्षीदार खांब, सावंतवाडीच्या चितार आळीतली खेळणी, बंगळूरहून म्हैसूरला जाताना लागणाऱ्या चन्नपट्टणची रंगीत खेळणी, या सगळ्यांत कातकाम असते.

कुंभारही चाकावर माती फिरवूनच मडके घडवतो. पण मडके चाकावर बिघडले, तर तो त्याच मातीचा पुन्हा गोळा करतो. कातारी काय करणार? लाकडाची उडालेली साल परत चिकटत नाही! म्हणून चूक झाली की काय करायचे, हे त्याला काम शिकतानाच शिकावे लागते. आज आपण तेच पाहू या. तुम्हालाही ते उपयोगी पडेल, बरं का!

पहिली फजिती लाकडाची. भोवरा छान झाला, पण आठ दिवसांत त्याला उभी चीर पडली. असे का झाले? लाकूड ओले होते. वाळताना लाकूड आक्रसते, पण सगळीकडून सारखे नाही. वर्षवलयांच्या दिशेने ते जेवढे आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आक्रसते. लांबीत तर जवळजवळ नाहीच. या ओढाताणीत लाकूड तडकते. शिवाय ठोकळ्याच्या कापलेल्या टोकांतून पाणी फार लवकर उडून जाते, म्हणून चिरा बहुधा तिथूनच सुरू होतात. यावर औषध एकच, थांबणे. एक इंच जाडीच्या फळीला वाळायला साधारण एक वर्ष लागते, असा एक जुना ढोबळ अंदाज आहे. कारागिराचा हात कितीही चांगला असो, लाकूड त्याच्यासाठी घाई करत नाही.

दुसरी फजिती हत्याराची. काम मजेत चाललेले असते आणि एकदम ‘खाड्’ असा आवाज होतो. पटाशी लाकडात अडकते आणि गुळगुळीत अंगावर खोल खड्डा पडतो. कधी ठोकळाच उडून बाहेर येतो. (म्हणून डोळ्यांना जाड चष्मा हवाच, आणि मोठ्यांशिवाय लेथला हात लावायचा नाही, हं!) यामागची कारणे ठरलेली असतात. हत्याराची धार गेलेली असते, टेकू लाकडापासून लांब राहिलेला असतो, पटाशीचा कोन चुकलेला असतो किंवा लाकडात गाठ असते.

आता खरी परीक्षा असते. राग येतो. “थांब, आत्ता नीट करतो!” म्हणून माणूस पटाशी जास्त जोरात दाबतो. मग पुन्हा ‘खाड्’! दुसरा खड्डा पहिल्याहून खोल. हा दुसरा खड्डा लाकडाचाही नसतो आणि हत्याराचाही नसतो, तो रागाचा असतो. म्हणून जाणता कारागीर आधी यंत्र बंद करतो. लाकूड पूर्ण थांबल्यावर खड्ड्यावरून बोट फिरवून पाहतो, पटाशीला धार लावतो, टेकू जवळ घेतो. घोटभर पाणी पितो म्हणा ना! मग हिशेब करतो की जेवढा खड्डा खोल, तेवढा सगळीकडून भोवरा बारीक करायचा. मोठा भोवरा होणार होता, आता लहान होईल. एखाद्या धाकट्या भावंडाच्या हाताला तोच नेमका बसेल!

तिसरी फजिती अगदी शेवटची. भोवरा झाला, लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून तिच्या घर्षणाच्या उष्णतेने रंगही चढला. आता फक्त आर बसवायची. आणि ती ठोकताना भोवरा फुटला! टोकाला लाकडाचे धागे उभे असतात. आधी बारीक भोक न पाडता खिळा ठोकला, तर तो पाचरीसारखा त्यांना फाकवतो. इतका वेळ गेला, काम संपत आले आणि मग हे झाले, म्हणून याचेच वाईट फार वाटते. अशा वेळी फुटलेले टोक कापून उरलेल्या भागाची कपाटाची मूठ करता येते. पण सगळे वाचवता येतेच असे नाही. वाटी कातताना तळाला भोक पडले की ती वाटी गेलीच. ती चुलीत घालावी लागते. मात्र त्याआधी तळ किती जाड राहिला होता, हे मोजून घ्यायचे. पुढची वाटी त्या मापावर होते.

वर्गात नेहमी एक गोष्ट दिसते. चित्रात रंग सांडला की पान टरकन फाडायचे. गणित चुकले की सगळे खोडून टाकायचे आणि म्हणायचे, “मला येतच नाही.” अरे, पण पान फाडले, तर चूक कुठे झाली होती ते कसे कळणार? पुढच्या वेळी असे झाले की कातारी आठवा. आधी हात थांबवा. मग विचारा, बिघडले कशामुळे? सामान चांगले नव्हते, साधन नीट नव्हते, की घाई झाली? आणि यातून दुसरे काही होईल का? शाई सांडलेल्या पानावर काळा ढगही काढता येतो.

करून पाहा : छाटलेली, मनगटाएवढी जाड ओली फांदी मिळवा. तिचे वीतभर लांबीचे दोन तुकडे मोठ्यांकडून करून घ्या. एकाच्या दोन्ही टोकांना वितळलेले मेण मोठ्यांकडूनच लावून घ्या. दुसरा तसाच ठेवा. दोन्ही सावलीत ठेवून महिनाभर दर रविवारी पाहा आणि चिरा मोजून वहीत लिहा.

आई-बाबांसाठी दोन शब्द : मुलाची वस्तू बिघडली की रात्री बसून ती आपणच नीट करून द्यावी, असा मोह होतो. सकाळी वस्तू चांगली दिसते, पण मुलाच्या हाती काही लागत नाही. “बघू, कुठे अडकलं?” एवढेच विचारा आणि शेजारी बसा. बाकीचे त्याचे त्याला करू द्या.

तुमच्या फांदीला किती चिरा पडल्या, ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमच्या बाई