गोष्ट नसलेल्या गोष्टी

दिवाळी अंक घरात आला की तो आधी कुणी वाचायचा यावरून जे रणकंदन माजते, त्यात मी कधीच पडत नाही. कथा, कादंबरी, राशिभविष्य ज्याला हवे त्याने खुशाल आधी वाचावे. मी वाट पाहतो ती एखाद्या खुसखुशीत माहितीपर लेखाची. चित्रपटांच्या बाबतीतही माझी आवड अशीच वाकडी. नायक-नायिकेचे लग्न लागले नाही तरी माझे काही अडत नाही. पण मुंग्या वारूळ कसे बांधतात हे पडद्यावर दिसत असले, तर मी जेवण विसरतो. “पण यात गोष्ट कुठे आहे?” असे मला इतक्यांदा विचारले गेले आहे की, त्याचे उत्तर एकदा जाहीरपणेच द्यावे म्हणतो.

डॅरेल हफ नावाच्या अमेरिकन लेखकाने १९५४ साली ‘हाऊ टु लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ हे छोटेसे सचित्र पुस्तक लिहिले. आकडेशास्त्राचे पुस्तक म्हटले की सभ्य माणसाला जांभई येते. या गृहस्थाने मात्र आकड्यांच्या आधारे खोटे कसे बोलावे हेच शिकवायला घेतले! त्याच्या सरासरीवरील प्रकरणाचा मथितार्थ आपल्या भाषेत सांगायचा तर असा : नऊ नोकरांना महिना वीस-वीस हजार आणि मालकाला पाच लाख वीस हजार मिळत असतील, तर त्या पेढीतील सरासरी पगार होतो सत्तर हजार. हिशेबात एका पैशाची चूक नाही, आणि सत्तर हजार मिळवणारा मनुष्य औषधालाही सापडत नाही. एवढे एक कळले की सकाळचे वर्तमानपत्र निराळेच दिसू लागते.

दुसरे माझे लाडके पुस्तक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांचे, १९५७ सालचे. इंग्रजांच्या आरमाराची मोठी लढाऊ जहाजे १९१४ साली ६२ होती, ती १९२८ साली २० उरली. पण त्याच काळात आरमाराच्या मुख्य कचेरीतील अधिकारी २,००० चे ३,५६९ झाले. जहाजे बुडत गेली, टेबले मात्र तरंगत राहिली! याच पुस्तकातील समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या छपरावर पाऊण तास वाद घालते. कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही, छप्पर सर्वांनाच कळते. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला हजर राहिलेल्यांना यापुढे काही सांगायला नको.

बरे, ही चाल आपल्याला परकी आहे असेही नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ वाढले तेव्हा सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाच्या हातून आपल्या वेडगळ रूढींचीच टोपी उडवली. जे काम दहा गंभीर व्याख्यानांनी होत नाही, ते एका हशाने होते.

अनुबोधपटांचेही तेच. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आणला हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधी भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या वेलाची वाढ टिपून दाखवली होती. दिवसांमागून दिवस घेतलेली चित्रे काही क्षणांत पळाली आणि दाणा डोळ्यांदेखत वेल झाला. हरिश्चंद्राच्या आधी वाटाणा! बेर्त हान्स्त्रा या डच दिग्दर्शकाचा १९५८ सालचा ‘ग्लास’ जेमतेम अकरा मिनिटांचा. आधी काच फुंकणारे कारागीर, त्यांचे फुगलेले गाल, बोटांत फिरणारी नळी. मग बाटल्यांचा कारखाना. तेथे एका फुटक्या बाटलीपाशी यंत्र गोंधळते आणि मागून येणाऱ्या बाटल्या एकामागून एक धडाधड फुटत जातात. शेवटी माणसाचा हात येऊन ते निस्तरतो. निवेदकाचा एक शब्द नाही. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता समजतो. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले.

एवढे गुणगान झाल्यावर एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. लबाडी पकडायला शिकवणाऱ्या त्याच हफ महाशयांनी १९६५ साली अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे, धूम्रपानाच्या दुष्परिणामांचे आकडे कसे भरवशाचे नाहीत, अशी साक्ष दिली. त्यांच्यामागे तंबाखूवाल्यांचा पैसा होता. आकडे तर खरेच होते. अनुबोधपटांचा आद्य नमुना म्हणून गाजलेला फ्लॅहर्टी यांचा १९२२ सालचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ घ्या. त्यातील नायकाचे खरे नाव नानूक नव्हते. बर्फाच्या घरात उजेड पुरेना म्हणून अर्धेच घर बांधून चित्रण केले गेले. बंदुका वापरणाऱ्या माणसांनी कॅमेऱ्यासाठी भाल्याने शिकार केली.

हे वाचले त्या दिवशी माझे मन खट्टू झाले, हे खरे. हसवणाऱ्या माणसावर आपण चटकन विश्वास टाकतो, आणि हा विश्वास तंबाखूच्या पुडीइतका महाग पडू शकतो. आता तर हातातल्या मोबाईलवर दर मिनिटाला कुणी तरी मजेदार माहिती सांगत असतो. म्हणून ती पुस्तके मी फेकून दिली का? छे! हफ यांनीच शिकवले होते, की आकडा दिसला की आधी पाहावे, हे सांगतो कोण आणि त्याला कळले कसे. तेच प्रश्न मी त्यांनाही लावले. पुस्तक टिकले, लेखक नापास झाला.

तेव्हा गोष्ट कुठे आहे, या प्रश्नाला माझे उत्तर असे : कथा वाचताना “हे खरे का हो?” असे विचारले, तर तिची रंगत जाते. या पुस्तकांत आणि या चित्रपटांत ते विचारले की रंगत सुरू होते. या सुट्टीत घरातील मुलांना असे एखादे पुस्तक द्या आणि त्यांनी असा प्रश्न विचारला, तर फराळाचे ताट जरा बाजूला सारून त्यांच्याशी बोलत बसा.