‘नाही’ म्हणणारा सेनापती

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत ‘खरे शौर्य कोणते?’ असा विषय होता. बहुतेक स्पर्धकांनी रणांगणावरची उदाहरणे दिली. मी दुसऱ्या महायुद्धातील रशियन सेनापती कॉन्स्टंटिन रोकोसोव्स्की यांचे नाव घेतले आणि प्रसंग सांगितला तो मात्र एका बंद खोलीतला. टाळ्या पडल्या. बक्षीस काही मिळाले नाही. कार्यक्रम संपल्यावर एक परीक्षक जवळ येऊन म्हणाले, “भाषण छान झालं. पण स्टॅलिनपुढे नाही म्हणणारा तुमचा सेनापती पुढे पोलंडमध्ये नाही का म्हणाला नाही?” मला उत्तर देता आले नाही. वर्षभर तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आज या पानांवर मी त्याचे उत्तर शोधतो आहे.

रोकोसोव्स्की यांचा जन्म १८९६ सालचा. वडील पोलिश, रेल्वेत नोकरीला. आईवडील लवकर गेले आणि कोवळ्या वयात वॉर्सामध्ये या मुलाच्या हाती पाथरवटाची छिन्नी आली. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच तो झारच्या घोडदळात शिरला आणि क्रांतीनंतर लाल सेनेत गेला. पुढची वीस वर्षे एकेक पायरी चढण्यात गेली. आणि १९३७ च्या ऑगस्टमध्ये, परदेशाचा हेर असल्याच्या आरोपावरून, त्यांना त्यांच्याच सरकारने पकडले! त्या काळात स्टॅलिनच्या संशयाने लाल सेनेचे हजारो अधिकारी गिळले होते. कोठडीत त्यांचे दात पाडले गेले, बरगड्या मोडल्या. तरीही खोट्या कबुलीजबाबावर त्यांनी सही केली नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मार्च १९४० मध्ये त्यांना सोडून देण्यात आले. सव्वा वर्षानंतर जर्मन फौजा रशियात घुसल्या.

अशा माणसाने पुढे काय करावे? मान खाली घालून हुकूम पाळावेत, हेच कुणीही म्हणेल. त्यांनी तसे केले नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये मॉस्कोच्या वेशीवर त्यांची सोळावी सेना झिजत चालली होती. इस्त्रा नदीच्या मागे हटून तिथे पाय रोवावेत, असे त्यांचे मत होते. वरिष्ठ सेनापती झुकॉव्ह यांनी नकार दिला. तेव्हा रोकोसोव्स्कींनी थेट सरसेनापतींच्या कार्यालयाकडे दाद मागून शापोश्निकोव्ह यांची परवानगी मिळवली. झुकॉव्ह यांनी संतापून ती रद्द केली. शिस्तीच्या दृष्टीने हा अपराधच. पण तो केला तो सैनिकांचे जीव वाचावेत म्हणून.

माझ्या भाषणातला प्रसंग मे १९४४ चा. बेलारूसमधील मोठ्या चढाईची आखणी मॉस्कोत चालली होती. बोब्रुइस्कच्या परिसरात दलदल आणि जंगल. तिथे एकाच ठिकाणी मुख्य घाव घालावा, असा युद्धशास्त्राचा रुळलेला नियम. स्टॅलिनचाही तोच आग्रह. रोकोसोव्स्कींचे म्हणणे वेगळे होते. त्या भूमीत एका वाटेने सगळे सैन्य उतरवताच येणार नाही, आणि दोन बाजूंनी सारख्याच ताकदीने घाव घातला तर शत्रूला आपली राखीव फौज इकडून तिकडे हलवता येणार नाही. स्टॅलिनने त्यांना शेजारच्या खोलीत जाऊन पुन्हा विचार करायला सांगितले. एकदा नव्हे, दोनदा. ते दोन्ही वेळा परत आले आणि दोन्ही वेळा म्हणाले, घाव दोनच. अखेर स्टॅलिनने मान्यता दिली.

हा वृत्तांत त्यांच्या स्वतःच्या आठवणींतला आहे, हे मान्य करायला हवे. माणूस आपल्याविषयी लिहिताना थोडा उजळून लिहितो. पण निकाल जगासमोर आहे. दलदलीत ओंडक्यांचे रस्ते टाकून सैनिक व रणगाडे पुढे सरकले. २४ जूनला त्यांची चढाई सुरू झाली आणि २९ जूनला बोब्रुइस्क मुक्त झाले. त्याच दिवशी ते सोव्हिएत संघाचे मार्शल झाले.

इथेच माझे भाषण संपले होते. परीक्षकांचा प्रश्न इथून सुरू होतो. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला. रोकोसोव्स्कींचे सैन्य शहराच्या तोंडाशी येऊन ठेपले होते. दीर्घ चालीने ते दमले होते, हे खरे. पण उठावाला मदत करायची की नाही, हा निर्णय मॉस्कोचा होता आणि तो राजकीय होता. दोन महिन्यांनी उठाव चिरडला गेला. ज्या शहरात त्यांचे बालपण गेले ते शहर बेचिराख झाले, आणि रोकोसोव्स्कींनी तो उठाव अवेळी केलेला ठरवला. १९४९ मध्ये स्टॅलिनने त्यांना पोलंडचे संरक्षणमंत्री करून पाठवले. त्या वर्षांत अनेक जुन्या पोलिश सेनाधिकाऱ्यांवर बनावट खटले चालले, काहींना देहदंड झाला. बनावट आरोप म्हणजे काय, हे ज्याच्या शरीराला ठाऊक होते तो माणूस त्या खात्याच्या खुर्चीवर बसून होता! जून १९५६ मध्ये पोझनानच्या कामगारांवर रणगाडे गेले. पन्नासहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोलंडने त्यांना परत पाठवले.

मग माझे उत्तर काय? मला वाटते, रोकोसोव्स्कींचे धैर्य खरे होते, पण त्याला कुंपण होते. घाव कुठे घालावा, सैनिक कसा वाचवावा, याविषयी ते कुणापुढेही नाही म्हणू शकत होते. घाव कुणावर घालायचा, हा प्रश्न मात्र त्यांनी कधी आपला मानला नाही. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच ‘सैनिकाचे कर्तव्य’ असे आहे. कर्तव्य या शब्दाने माणूस उंच होतो आणि त्याच शब्दाआड त्याला लपताही येते.

म्हणून त्यांना वीर म्हणू नये काय? जरूर म्हणावे. दात पाडणाऱ्या सत्तेपुढे चार वर्षांनी पुन्हा उभे राहून नाही म्हणणे, हे आपल्यापैकी किती जणांना जमेल? आपण तर साध्या वर्गातही सरांची चूक दाखवताना दहादा विचार करतो. पण मित्रहो, वीराची पूजा करताना त्याच्या कुंपणाशीही थोडे थांबावे. आपापल्या कामात सडेतोड असलेली आणि कामाबाहेरच्या अन्यायाकडे पाठ फिरवणारी कितीतरी भली माणसे आपल्या अवतीभवती आहेत. उद्या पदवी घेऊन आपणही त्यांच्यात जाणार आहोत.

तो विषय पुन्हा मिळाला, तर मी उदाहरण हेच देईन. फक्त या वेळी पोझनानपाशी थांबेन.