पिस्तुलाचा बंधुभाव

मराठवाड्यात सध्या एका नव्या बंधुभावाचे कौतुक चालले आहे. कमरेला पिस्तूल लावणारी मंडळी लग्नमंडपात परस्परांना नेमकी हेरतात, हत्यारांच्या बनावटी ताडून पाहतात आणि एकमेकांना ‘भाऊ’ म्हणून मिठी मारतात. या मिठीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्यात केवळ धाक दिसतो.

नेमबाजांचा स्नेह आम्ही जाणतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलानेच सुवर्णपदक मिळविले. परंतु तेथे नळी निर्जीव लक्ष्यावर रोखलेली असते.

मग संरक्षणाची सबब पुढे केली जाते. सेनगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक रोही आणि रानडुकरे फस्त करतात, हे खरे. त्यासाठी 1959 च्या शस्त्र कायद्यात लांब नळीच्या बंदुकीची तरतूद आहेच. पिस्तुलाने शेत राखले जात नाही. ते माणसासाठीच असते.

बीडचा धडा ताजा आहे. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला. त्यानंतर त्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघडकीस आले आणि अनेक रद्द करावे लागले. परवान्यांची एवढी रेलचेल असूनही जिल्हा निर्भय झाला नव्हता!

मित्रहो, हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे एकच मागणी करा: पिस्तुलाचा प्रत्येक परवाना कोणाला व कोणत्या कारणास्तव दिला, हे तहसिलीच्या फलकावर लागू द्या. ज्यांचा बंधुभाव निर्मळ आहे, त्यांना फलकाचे भय का वाटावे?