कोळशावरचा कर आणि परळीची राख


कोळशावर कर वाढवला की प्रदूषण आपोआप घटेल, हा वृत्तपत्रात छापून आलेल्या एका पत्राच्या लेखकाचा हिशेब परळीत बसून पटत नाही. २०१० साली टनामागे ५० रुपयांनी सुरू झालेला स्वच्छ ऊर्जा उपकर २०१६ पर्यंत ४०० वर गेला. पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या महसूल भरपाईकडे वळला. वीजकेंद्राला या कराची झळ कितीशी? इंधनाचा वाढीव खर्च ‘इंधन समायोजन आकार’ म्हणून आमच्याच बिलात येऊन बसतो!

परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचे जुने संच बंद झाले. २५० मेगावॉटचे तीन उरले. पण जवळच्या दादाहरी वडगाव गावाकडून केंद्राच्या राखेचा टिप्पर ताडपत्रीविना गेला, की दोरीवरचे कपडे पुन्हा भिजवायचे आणि झाकलेल्या पिठाच्या डब्यावरही बोट फिरवून बघायचं. हे कोळशाच्या टनावरच्या कराने कसं थांबणार?

३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेत न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये पर्यावरण भरपाई आहे. पत्रलेखकाने तिचा उल्लेखही केलेला नाही. या भरपाईची वसुली वीजकेंद्रनिहाय जाहीर व्हावी, आणि ती रक्कम ग्राहकाच्या बिलात ढकलली जाऊ नये.

– एक वीजग्राहक, परळी वैजनाथ