आंब्याचे लाकूड आणि घरातील जयणा

आंब्याच्या लाकडाला महाराष्ट्रात पूर्वी फारशी प्रतिष्ठा नव्हती. बैठकीसाठी साग, ऐपत अधिक असल्यास शिसव. आंबा मात्र खोकी, फळ्या आणि सेंट्रिंगच्या कामापुरता, असा हिशोब ठरलेला असे. आज त्याच लाकडाचे पलंग, कपाटे आणि जेवणाची टेबले चांगल्या किमतीला विकली जातात. या बदलात जोधपूरच्या कारखानदारांचा वाटा मोठा आहे. जानेवारी २०१७ पासून शिसव-शिशम वर्गातील लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या चौकटीत आला आणि निर्यातदारांचे लक्ष आंबा व बाभळीकडे अधिक वळले. आंब्याचे लाकूड बहुधा फळ धरणे मंदावलेल्या जुन्या झाडांचे असते, ही त्याची जमेची बाजू.

वजनाने ते सागाच्या जवळपास भरते. घनमीटरला साधारण ६०० ते ७०० किलो. रंधा सहज घेते, स्क्रू घट्ट धरते. रंग पिवळसर ते तपकिरी. काही फळ्यांवर करड्या-काळ्या रेषा दिसतात. त्या बुरशीमुळे उमटलेल्या असतात, पण लाकूड नीट वाळलेले आणि टणक असल्यास तो दोष मानू नये. अनेकांना तीच नक्षी आवडते. सागात मात्र कीड दूर ठेवणारी द्रव्ये निसर्गतःच असतात, आंब्यात तशी नसतात. वाळवी आणि भुंगेरा या लाकडाला लवकर लागतात, आणि जैन कुटुंबाच्या दृष्टीने खरा प्रश्न येथेच उभा राहतो.

भुंगेऱ्याची मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते. अळी आतला पिष्टमय अंश खात कित्येक महिने लपून राहते. पलंग घरी येऊन बरेच दिवस लोटल्यावर खाली पिठासारखी बारीक भुकटी पडू लागते आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसतात. त्या अवस्थेत फवारणी करा, औषध भरा किंवा कडक उन्हात तापवा, परिणाम एकच : आतील जीवांची हिंसा. म्हणून जी जयणा पाळायची ती खरेदीपूर्वीच पाळली पाहिजे. कापलेले लाकूड लगेच बोरिक अॅसिड व बोरॅक्सच्या द्रावणात मुरवले आणि भट्टीत वाळवून ओलावा ८ ते १२ टक्क्यांवर आणला, तर पुढे कीड लागण्याचा संभव फारच कमी होतो. दुकानदाराला या दोन्ही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. व्यापारी घराण्यांना तोंडी हमीचे मोल वेगळे सांगायला नको! ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र अनेक कारखान्यांत असते. ते लावून दाखवण्यास टाळाटाळ होत असेल, तर सवलतीच्या मोहात पडू नये.

वस्तू उलटी करूनही पाहावी. दर्शनी बाजूला चकाकी आणि तळ, पाठ, ड्रॉवरच्या आतील बाजू कोऱ्या, असा प्रकार सर्रास आढळतो. भुंगेऱ्याला हवी असते ती हीच कोरी बाजू. सर्व अंगांनी पॉलिश असेल तर अंडी घालायला जागाच उरत नाही. सागाच्या फर्निचरात एक वेळ चालून जाणारी ही कसर आंब्याला परवडत नाही.

पॉलिश कशाचे, हेही विचारावे. सुतार ज्याला चपडा पॉलिश म्हणतात ते लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून बनते, आणि काही पॉलिशांत मधमाश्यांचे मेण असते. मध वर्ज्य मानणाऱ्या घरात हे मेण टेबलावर चढलेले असते, याची अनेकांना कल्पनाही नसते. मेलामाइन, पॉलियुरेथेन किंवा जवसाचे तेल हे पर्याय उपलब्ध आहेत. चपड्यावर गरम भांडे ठेवल्यास पांढरा डाग पडतो, तेव्हा जेवणाच्या टेबलासाठी तो व्यवहारातही गैरसोयीचाच.

पुढची निगा फारशी कष्टाची नाही. कोरड्या मऊ कापडाने पुसावे. पाणी सांडल्यास लगेच टिपावे. भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवावे, विशेषतः चातुर्मासापूर्वी, म्हणजे ओल आणि वाळवीची वाट दोन्ही नजरेस पडतील. पावसाळ्यात ड्रॉवर अडकू लागला म्हणून लगेच रंधा मारून घेऊ नये. लाकूड हवेतील दमटपणाने फुगते आणि दिवाळीनंतर पुन्हा आक्रसते. श्रावणात तासलेला ड्रॉवर मार्गशीर्षात खुळखुळतो.

जवसाच्या तेलाचा हात वर्षातून एकदा द्यावा, पण तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याच्या घटना घडतात. चिंध्या मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवाव्यात, मगच टाकाव्यात.