बोटीखालच्या फळ्या

आपल्याकडे सार्वजनिक वस्तूच्या आयुष्यात दोनच समारंभ असतात. पहिला उद्घाटनाचा आणि दुसरा पंचनाम्याचा. मधल्या काळाला 'देखभाल' म्हणतात. तिथे कापायला फीत नसते, फोटोला जागा नसते, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही.

माझं हे मत एका बोटीने पक्कं केलं. कबनूर आणि बोट? हसू नका. कबनूर हे इचलकरंजीला चिकटलेलं मागांचं गाव. इथे खडखडाट ऐकू येतो, लाटांचा आवाज नाही, हे कबूल. पण पंचगंगा काही फार लांब नाही, आणि ती पाहुणी म्हणून येते तेव्हा दारात चप्पल काढून, विचारून आत येत नाही. 2005, 2019, 2021 अशी तिची येणी आमच्या भागाने पाहिली. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इकडच्या माणसाला पाढ्यासारखं पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि बोट ही चैनीची वस्तू आहे असं म्हणणारा माणूस त्यानंतर मला भेटलेला नाही.

तर पंचक्रोशीतल्या एका संस्थेच्या आवारात अशीच एक फायबरची बोट ट्रेलरवर उभी आहे. संस्थेचं नाव सांगत नाही. बोटीवर देणगीदारांची नावं एवढी ठळक आहेत की आणखी एका नावाला जागाही नाही. नावांखाली बोट आणि बोटीखाली दोन लांब फळ्या. बोटीचा सगळा भार या दोघींवर. त्यांच्यावर गालिच्याचा तुकडा ठोकलेला असतो, बोटीला ओरखडा येऊ नये म्हणून. हेतू चांगला, पण गालिचा पाणी पितो आणि धरून ठेवतो. खालची फळी वाळतच नाही. वरून मखमल आणि आतून भुसा!

आमचे सुतारमेस्त्री बरोबर होते. त्यांनी गालिचा उचलून फळीत अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"गुरुजी, ही फळी न्हाई, च्यात बुडवल्यालं बिस्कीट हाय. बोट उचलली की बसलीच म्हणून समजा."

मी हे संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांच्या कानावर घातलं. त्यांचा पहिला मुद्दा बिनतोड होता. "बोट पाण्यात चालते गुरुजी, फळीवर नाही." बरोबर! पण ती पाण्यापर्यंत जाते कशावर? पूर काही आवारात येऊन बोटीला घेऊन जात नाही. रात्री, पावसात, ट्रॅक्टरमागे, खड्ड्यांतून तिला न्यावं लागतं. एक फळी मोडली की बोट कलते, सगळं वजन लोखंडी आडव्या पट्टीवर येतं आणि फायबरला तडा जातो. मग ती बोट पाण्यात चालते खरी, पण खालच्या दिशेने.

दुसरा मुद्दा: "पूर आला की बघू." पूर आला की सुताराचंच घर पाण्यात असतं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तिसरा मुद्दा तर अस्सल आपला: "दुरुस्तीला पैसे नाहीत, पण नव्या ट्रेलरचा प्रस्ताव पाठवलाय." म्हणजे दोन फळ्यांना पैसे नाहीत, आख्ख्या गाड्याला आहेत! नव्या गाड्याला हार घालता येतो. नव्या फळीला कोण हार घालणार?

आणि हे कुठल्या गावच्या शेजारी चाललंय? जिथला जॉबर मागाच्या आवाजावरून सांगतो की धोट्याला फटका देणारा पिकर आता चार दिवसांचा सोबती आहे. तो पिकर तुटायची वाट पाहत नाही. कारण माग थांबला की कापड थांबतं, आणि कापड थांबलं की मालकाचा आवाज मागापेक्षा मोठा होतो. बोटीचं तसं नाही. ती वर्षातले अकरा महिने बिनपगारी उभी असते. तिच्या थांबण्याने कुणाचं मीटर थांबत नाही. थांबलं तर एखाद्या माळ्यावर अडकलेल्या म्हातारीचं नशीब थांबतं, आणि म्हातारीला मालक नसतो.

8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ती काही फळ्यांमुळे गेली नव्हती, तेव्हा त्या दु:खावर मी माझी फळी ठोकणार नाही. एवढंच म्हणतो की त्या आठवड्यात एकेक धड बोट म्हणजे काय, हे कृष्णा-पंचगंगेच्या काठाने जन्मभराचं शिकून घेतलं. शिकलेलं चार पावसाळ्यांत विसरायचं, हा मात्र आपला स्वभाव.

काम तरी केवढं? मेस्त्रींचा हिशेब ऐका. एका वेळी एकच फळी काढायची, म्हणजे जुन्या फळीच्या मापाने बोटीची बैठक कायम राहते. लाकूड सरळ रेषेचं, बिनगाठीचं, चांगलं वाळलेलं. कापलेल्या टोकांनाही तेल पाजायचं, कारण पाणी तिथूनच आधी शिरतं. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड, आणि त्याचं डोकं लाकडात बुडवलेलं, नाहीतर गालिचा झिजला की तेच बोटीचं पोट खरवडतं. गालिच्याचे खिळे बाजूला, वर नाहीत. दोन माणसं, एक दिवस, मधे दोनदा चहा.

खंडेनवमीला ट्रेलरला झेंडूची माळ पडते, असा युक्तिवादही मी ऐकलाय. पण खंडेनवमी येते पूर ओसरल्यावर! पुरानंतर पूजा म्हणजे निकालानंतर अभ्यास. आमच्या भागात ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर जोरात असतो. बैलांची शिंगं रंगतात, खुरांपर्यंत पाहणी होते. त्याच दिवशी बोटीचीही पाहणी करा. गालिचा उचला, अंगठा दाबा. अंगठा आत गेला तर त्याच आठवड्यात फळी बदला, आणि ताळेबंदात 'फळ्या' असं स्वच्छ अक्षरात लिहा. हवं तर फळीवर देणगीदाराचं नावही घाला. बोटीखाली असल्यामुळे ते कुणाला दिसणार नाही. पण बोट पाण्यापर्यंत पोचेल.