पावनखिंडीच्या पोवाड्याला काळोख हवा

दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात आणि त्या सुमारास कोल्हापूरकडे जे पोवाडे स्पीकरवरून ऐकू येतात, त्यांतले बरेचसे एकाच साच्यातले असतात. चढी लय, सिंथेसायझरवरची तुतारी, शेवटी जयघोष. प्रसंग मात्र तसा नाही. १६६० साली सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला पडलेला वेढा चार महिने हलला नव्हता. भर पावसाळ्यातल्या रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले, ते नेबापूरचा शिवा काशीद त्यांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसला म्हणून. पालखी पकडली जाणार आणि आपण परतणार नाही, हे त्याला ठाऊक होते. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदल मावळे उभे राहिले, तेही तसेच. या कथेत जेवढा पराक्रम आहे तेवढीच भीती आणि तेवढेच मरण आहे. आजच्या गाण्यांतून ते मरण गाळले गेले आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की पन्हाळ्याचे पोवाडे, जोतिबाच्या वाटेवरची गाणी आणि गोंधळ यांचा एक अल्बम जड, काळवंडलेल्या रॉकच्या संगतीने व्हावा.

हे बाहेरून आणलेले कलम वाटेल, पण आधी वाद्ये ऐकावीत. तुणतुण्याची एकच तार सबंध पोवाडाभर तोच स्वर धरून असते. तिच्याखाली गिटारचा खर्ज ठेवला, तर दोघांनाही आपले काम बदलावे लागत नाही. संबळाच्या मोठ्या भांड्यावर वाकड्या काठीचा आघात पडतो, तेव्हा तो कानाआधी छातीत जाणवतो. हलगी, घुमकं आणि कैताळ यांचा कोल्हापुरी मेळ तर मुळातच कडक. पावसात हलगीचे कातडे सैल पडते, मग ती जाळावर शेकून घ्यावी लागते. जगात हा प्रयोग जुना आहे. इंग्लंडच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शनने १९६९ मध्ये ‘लीज अँड लीफ’मध्ये खून आणि जादूटोण्याची पारंपरिक कथागीते विजेच्या गिटारवर घेतली. फिनलंडच्या अमॉर्फिसने १९९४ मध्ये ‘कालेवाला’ या महाकाव्यावर हेवी मेटलचा आख्खा अल्बम केला. आपल्याकडे ‘अभंग रिपोस्ट’ या बँडने अभंग रॉककडे नेले आहेत. तिथे भक्तीचा उजेड आहे. वीरगीतातला अंधार अजून कोणीतरी हाताळायला हवा.

परंपरा बाटेल, ही पहिली हरकत. पण शाहिरी कधी एका जागी बसलेलीच नाही. अफझलखानवधावर गाणाऱ्या अगिनदासाचा पोवाडा, जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये लिहिलेला शिवरायांचा पोवाडा आणि अण्णा भाऊ साठ्यांचा स्टालिनग्राडवरचा पोवाडा यांत नायक बदलला, श्रोता बदलला, राजकारण तर पार उलटले. डफ तेवढा राहिला. गिटारने बाटण्याइतका हा प्रकार नाजूक असता, तर तो इथवर पोचलाच नसता. (परक्या गोंगाटाची पन्हाळ्याला सवय जुनी : त्याच वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या होत्या.)

दुसरी हरकत आवाजाची, आणि ती खरी आहे. मिरवणुकांतल्या डॉल्बीने कोल्हापूरकरांचे कान किटले आहेत. फरक असा की डॉल्बीत शांतता नसते. चांगल्या जड रॉकमध्ये ती जपून राखलेली असते, नाहीतर आघाताला वजन येत नाही. शिवा काशीद पालखीत बसतो तिथे फक्त तुणतुणे उरावे आणि झीलकऱ्यांनीही गप्प राहावे. ही दृष्टी नसेल, तर अल्बम न झालेलाच बरा. शिवाय हे गडावर वाजवायची गरज नाही. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या तटांपेक्षा शहरातले बंदिस्त सभागृह कधीही योग्य.

मला सतावते ती तिसरी हरकत : गाणे कोणाचे? संबळ गोंधळ्यांचा, ओव्या आणि ढोल धनगरांचे, हलगी पिढ्यान्‌पिढ्या दलित वस्त्यांतल्या हातांनी वाजवलेली. शहरातल्या बँडने त्यांचा एक ठेका मुद्रित करून घेतला, मग ‘पारंपरिक’ असा शिक्का मारला, की हक्काचा प्रश्न परस्पर मिटतो आणि हलगीवाल्याच्या हाती एका दिवसाचे मानधन पडते. इथे सवलत नको. वादकांची नावे मुखपृष्ठावर बँडच्या नावाच्याच आकारात हवीत, कमाईतला वाटा लेखी करारात हवा आणि कोणते कडवे घ्यायचे, कोणते गाळायचे, हे ठरवताना शाहीर खोलीत हवा. गिटारवाला मिळणे आज अवघड नाही. असा करार करणारा निर्माता आधी शोधावा लागेल.